पुडीतून परत आलेलं पुस्तक

आधीच सांगतो — असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलेली आहे. कुणी म्हणालं की घाटात बाई दिसली, तर माझा पहिला प्रश्न असायचा, ‘चष्म्याचा नंबर काय?’ माझ्या आयुष्यात जेवढं म्हणून अघटित घडलं, त्याचं कारण शोधायला कधी फार लांब जावं लागलं नाही. ते आरशात दिसायचं. स्वतःच्या साखरपुड्याला शेजारच्या हॉलमध्ये शिरून, अनोळखी लोकांच्या पंगतीत बसून, मठ्ठा दोनदा मागून घेऊन जेवलेला माणूस आहे मी. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं माझ्या गाढवपणानं झालंय, हे आधीच कबूल. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते कळत नाही... म्हणून लिहितोय.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. सरकारी कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर घरात बायकोच्या पायांत पायांत यायला लागलो, तेव्हा तिनंच मला आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात पाठवून दिलं. ‘तिथं बसा, काय वाचायचं ते वाचा, पण सहाच्या आत घरी येऊ नका.’

वाचनालय पहिल्या मजल्यावर. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन लांबुळक्या खोल्या. सकाळी सात-आठ म्हातारी माणसं पेपर वाचायला येतात, एक पेपर चार तुकड्यांत वाटून घेतात. दुपारी स्पर्धा परीक्षावाले येतात. ते आपली पुस्तकं आपणच आणतात, आमचा फक्त पंखा वापरतात. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटांना हात लावायला मात्र कुणी नाही. ग्रंथपाल मॅडम आठवड्यातून एकदा ती उघडून थोडा वेळ हवा देतात, आत कोंबड्या असल्यासारख्या.

मी गेलो आणि महिन्याभरात ठरवलं की हे सगळं डिजिटल करायचं. ‘डिजिटल समन्वयक’ असं एक पद मीच तयार केलं, मीच अर्ज केला आणि कार्यकारिणीनं हसत हसत मंजूर केलं. मोबाइलचं एक स्टँड घेतलं. फुकटातलं एक स्कॅनिंगचं अ‍ॅप घेतलं. दहा वर्षांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावलेला नाही ते यादीतून काढता येतं... निर्लेखन म्हणतात त्याला. मी काय केलं, अशी जुनी पुस्तकं उतरवली, बाइंडरकडच्या मशीनवर त्यांची पाठ कापून पानं सुट्टी केली — सुट्टं पान स्टँडखाली सपाट बसतं — आणि एकेक कागद स्कॅन करत सुटलो. झालेल्या कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईनं बरोबरची खूण. कारकुनी हाताला खूण केल्याशिवाय झोप लागत नाही. पुस्तक संपलं की त्याची फाइल मोबाइलात आणि कागद रद्दीत.

अख्खा पावसाळा मी हे केलं. वार्षिक सभेत मला शाल, नारळ मिळाला. फोटोत मी नारळ कानाला लावून आत पाणी आहे का बघतोय.

त्यात एक जाडजूड प्रवासवर्णन होतं. कुणीतरी सायकलवरून देशभर फिरून आलेला माणूस, त्यानं लिहिलेलं. त्याच्या मागच्या चिठ्ठीवर एकाच सभासदाचा क्रमांक सारखा सारखा, मग अचानक काहीच नाही. आणि आत समासात सगळीकडे पेन्सिल. बारीक, घट्ट दाबून लिहिलेली. मला आठवतंय, मी मॅडमना म्हणालो होतो, ‘कुणा बहाद्दरानं अख्खं पुस्तक रेघाटून ठेवलंय बघा.’ अ‍ॅपमध्ये एक ‘क्लीन’ नावाचं बटण आहे. दाबलं की डाग, पिवळेपणा, पेन्सिल सगळं जातं, फक्त छापलेलं राहतं. मी दाबलं. पान नव्यासारखं झालं. इतका खूश झालो की एकही पेन्सिल न वाचता पुस्तकभर तेच बटण दाबत गेलो.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारी जिन्यावरून एक म्हातारी बाई हळूहळू वर आल्या. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, हातात भिंग. सोबत पन्नाशीची मुलगी. बाईंनी दारातूनच विचारलं,

‘पावणं, हितं सायकलवाल्याचं पुस्तक असतंय न्हवं? जाड. निळ्या पुठ्ठ्याचं.’

माझा चेहरा खुलला. मी आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच आतल्या खोलीतलं पुस्तक नावानं नाही तरी रंगानं मागत होतं. म्हटलं, ‘बसा मावशी. तुम्हाला कपाटापर्यंत जायलासुद्धा नको.’ आणि मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला. पान कसं मोठं होतं तेही बोटांनी करून दाखवलं.

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘ह्यांचं लिवलेलं कुठं हाय?’

मुलीनं समजावून सांगितलं. ती सुनंदा, दवाखान्यात परिचारिका. आई शेवंताबाई. कसबा बावड्याला राहतात. वडील साखर कारखान्यात होते, सुट्टीच्या दिवशी सायकल मारत आमच्या वाचनालयात यायचे आणि सारखं तेच एक पुस्तक न्यायचे. ते स्वतः रात्रशाळेत शिकलेले. बायकोला अक्षर येत नव्हतं. ते समासात लिहायचे आणि तिला म्हणायचे — तुझ्यासाठी लिवतोय, तुला वाचाय यील तवा वाच.

‘मी हसायची,’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘म्हटलं, मला कवा वाचाय यायचं? वाचून दावा की आत्ताच. तर न्हाय. म्हणं, तूच वाचायचं.’

ते गेले. मग महापुरात घरातलं सगळं गेलं... फोटो, कागद, त्यांच्या सहीचं कारखान्याचं कार्डसुद्धा. त्यानंतर बाई नातीच्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं गिरवायला लागल्या. दोन वर्षं लागली. जोडाक्षरं जमायला लागली आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलेलंच होतं. समोर मधोमध एक पैशाएवढं भोक उरलं होतं, त्यातून दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही जाणार. कधी ते सांगता येत नाही, पण फार महिने धरू नका.

‘आदी यायचं की मावशी,’ मी म्हणालो.

‘आदी वाचाय कुठं येत हुतं? आन् वाचनालयातलं पुस्तक कुठं जातंय, म्हणून निर्धास्त हुतो आमी.’

मी मोबाइल खिशात घातला. मग पुन्हा काढला. मग पुन्हा घातला. क्लीन न केलेली मूळ प्रत अ‍ॅप ठेवतच नाही, हे मला माहीत होतं, तरी त्यांच्यासमोर अर्धा तास उगाच शोधल्यासारखं केलं. शेवटी सांगितलं, काय झालंय ते. शेवंताबाई म्हणाल्या, ‘पुसलं व्हय?’ आणि उठल्या. जिना उतरताना मी हात पुढं केला तर म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे, कठडा हाय.’

त्याच संध्याकाळी रद्दीवाल्या रफीकभाईंना गाठलं. ते म्हणाले, ‘तो माल? साहेब, तो दसऱ्याच्या आधीच पेपर मिलला गेला की. लगदा झाला त्याचा. आता त्याचे पुठ्ठे होऊन परत माझ्याकडं रद्दीत आले असतील.’ स्वतःच्याच विनोदावर ते हसले. मला पहिल्यांदाच एखादा विनोद आवडला नाही.

त्यानंतरच्या रविवारी बायकोबरोबर रंकाळ्यावर गेलो होतो. खारे दाणे घेतले. पुडी संपली, कागद टाकायला गेलो तर कोपऱ्यात लाल खूण. बरोबरची. माझीच — खुणेचं खालचं टोक आत वळवायची माझी एक वाईट सवय आहे, ती मी अंधारातही ओळखीन. कागद उलगडला. पान एक आणि दोन. वर आमच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. डावी कड मशीनवर कापलेली, सरळ. आणि समासात पेन्सिल.

बायको म्हणाली, ‘काय झालं, दात पडला का?’

दाणेवाल्याकडे गेलो. त्याच्याकडं बाकीचे सगळे कागद वर्तमानपत्राचे. कुठून आणतोस विचारलं, तर म्हणाला, ‘घरचं पेपर हायत की काका.’ मी त्याच्या गठ्ठ्यातला एकेक कागद उलटून बघितला. तो फार वेळ सोसत बसला नाही. म्हणाला, ‘दाणं घ्यायचं नसलं तर गिऱ्हाईक आडवू नका.’

मी मनाची समजूत घातली. रफीकभाईंचा एखादा कागद वाऱ्यानं उडाला असेल, इकडं आला असेल. योगायोग म्हणजे योगायोगच... असं म्हणत दुसऱ्या दिवशी बावड्याला गेलो.

घर नव्या वसाहतीत, खालच्या मजल्यावर. दारावर पंचशीलाचा छोटा झेंडा. शेवंताबाईंनी कागद हातात घेतला, आधी वास घेतला. दाण्यांचा येत होता. मग खिडकीशी बसून भिंग धरलं. एकेका अक्षरावर थांबत, मान फिरवत, त्या पैशाएवढ्या भोकातून त्यांनी ती एक ओळ वाचली. किती वेळ गेला कोण जाणे. सुनंदाताईंनी दिलेल्या चहावर साय आली.

‘शे-वं-ता... हि-त-नं... सु-रू... कर. घा-ई... न्हाय.’

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि हसल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. मग मला म्हणाल्या, ‘फुडचं कवा आणतोस?’

पुढचं. पुस्तकाचा तर लगदा झाला होता.

पण आलं. आठवड्यानं पुतण्याच्या सासरची माणसं आली म्हणून त्यांना पन्हाळा दाखवायला नेलं. तिथं बोरं घेतली. कागदात. पान तीन-चार. लाल खूण, कापलेली कड, पेन्सिल: ‘हा गडी नदीचं नाव विसरलाय. पंचगंगा असती तर विसरला नसता.’ मग गगनबावड्याला एका लग्नाला गेलो, एसटी स्टँडवर भजी घेतली. पान पाच-सहा. तेलानं कागद पारदर्शक झालेला, पेन्सिल उलट जास्तच उठून दिसत होती: ‘हे पान सोडलंस तरी चालतंय. नुस्तं जेवाण सांगतोय.’

तीन गावं, तीन विक्रेते, त्यांची एकमेकांशी ओळख नाही. आठवड्याला एक कागद. आणि क्रमानं. एकही पान मागंपुढं नाही. योगायोग म्हणणारा माझ्यातला शहाणा माणूस पान सात-आठला गप्प झाला.

ज्यांना वाटेल की म्हाताऱ्याच्या डोक्याचा खेळ आहे, त्यांच्यासाठी सांगतो. पेन्सिल मला एकट्याला दिसत नव्हती. बायकोनं वाचली. मॅडमनी वाचली आणि खुर्चीत बसल्या. सुनंदाताईंनी तर वडिलांचं ‘ळ’ लगेच ओळखलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात एक चांगली कल्पना आली — फोटो काढून मोठ्या टॅबवर आईला दाखवू, म्हणजे भिंग नको, डोळ्याला ताण नको. काढला फोटो. पान आलं, शिक्का आला, तेलाचा डाग आला. समास कोरा.

माझ्या मोबाइलवर काढला, शेजारच्यांच्या मोबाइलवर काढला. कुठलं बटण नाही, काही नाही. कोरा. झेरॉक्सवाल्याकडं नेला. त्यानं कागद काचेवर ठेवला, बाहेर आलेली प्रत बघितली, मूळ कागद बघितला, यंत्राला एक चापट मारली, पुन्हा काढली. म्हणाला, ‘काका, दिसतंय तर खरं... मग उमटंना का?’ मी म्हटलं, ‘मला काय विचारतोस, मी नारळ मिळालेला डिजिटल समन्वयक आहे.’

सुनंदाताईंनी मग पेन्सिलवर शाईनं गिरवून अक्षर ठळक करायचं ठरवलं. शेवंताबाईंनी पेन काढून घेतलं. ‘त्यांच्या अक्षरावनं कुणी हात फिरवायचा न्हाय.’

आता हिशेब मांडा. पुस्तकाला तीनशेच्या वर पानं. आठवड्याला एक कागद म्हणजे दोन पानं. सगळं पुस्तक यायला तीन वर्षं. आणि बाईंच्या हातात महिने. त्या भोकातून दिसणंही कमी होत चाललं होतं. सुरुवातीला एक ओळ वाचायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागायचा, आता दुपार लागायला लागली.

मग मी ठरवलं की वेग वाढवायचा. आयुष्यात जिथं जिथं मी वेग वाढवायचा ठरवलं तिथं तिथं पडलोय, तरी. सकाळी भडंग, दुपारी फुटाणे, संध्याकाळी भजी. बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत एक गाडी सोडली नाही. माझ्याकडं कागद जमले — दहावीच्या उत्तरपत्रिका, विम्याची माहितीपत्रकं, कुणाच्यातरी घराचा नकाशा, एक प्रेमपत्रसुद्धा, अगदीच सुमार. सायकलवाल्याचं एक पान नाही. रफीकभाईंच्या गोदामात तीन दिवस बसून पोती उपसली. त्यांनी चहा दिला, स्टूल दिलं, चौथ्या दिवशी म्हणाले, ‘साहेब, काय हरवलंय ते तरी सांगा.’ सांगितलं असतं तर त्यांनी स्टूल काढून घेतलं असतं.

शोधायला गेलो की येत नाही, एवढं ध्यानात आलं. मग न शोधण्याचा प्रयत्न केला. तो तर त्याहून अवघड. न शोधायला म्हणून बाहेर पडायचं, न शोधत दाणे घ्यायचे, आणि पुडी सोडताना आधी कोपऱ्यातली लाल खूणच बघायची. बायको म्हणाली, ‘सोडा आता ते दाणं. साखर किती आलीया बघा. पुस्तक यायच्या आधी तुम्हीच जाशीला.’ तीही मग माझ्यासोबत यायला लागली. तिनं घेतलेल्या पुडीत कधी आलं नाही. माझ्याच. आठवड्याला एकच, आणि नेमकं ज्या दिवशी मी दुसऱ्याच कुठल्यातरी कटकटीत असायचो तेव्हा.

शेवंताबाईंना मी हे सगळं सांगायचो. त्या भिंग पुसत ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, ‘तू कशापायी पळतोस? ह्यांचं असंच हुतं. सायकल हाणायची तर एका चालीनं. पाऊस असू दे, ऊन असू दे.’

‘मावशी, पण तुमचे डोळे...’

‘ते माज्या ध्यानात हाय की. तू सारखी याद कशाला देतोस?’

पान अठ्ठावीसवर लिहिलं होतं, ‘हितं तुजी आठवण आली. का ते लिवत न्हाय.’ ते वाचून त्यांनी सुनंदाताईंना आणि मला दोघांनाही बाहेर पाठवलं. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. सुनंदाताई हळूच म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही नाही आणलं तरी चालेल हो... असं म्हणणार होते मी. आता म्हणवत नाही.’ मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. कागदांची नाही. उद्या कागद येणं थांबलं तर या घरात कुठल्या तोंडानं यायचं, याची.

सदतीस-अडतीसचा कागद त्यांनी वाचला तेव्हा दोन दिवस लागले. समासात चारच शब्द होते.

पुढचा कागद आला तो भाजी मंडईत. फुटाणे. पान एकोणचाळीस-चाळीस. मी तिथं उलगडूनसुद्धा बघितला नाही, लाल खूण आणि आकडा बघून खिशात घातला आणि थेट बावड्याची बस धरली. दार सुनंदाताईंनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायला हवं होतं, पण मी आपला ‘आलं, आलं’ करत आत शिरलो.

‘आईला कालपासून दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘उजेड-अंधार कळतो. तेवढंच.’

शेवंताबाई खिडकीशी, नेहमीच्या जागी बसल्या होत्या. भिंग मांडीवर. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, ‘आला न्हवं? बस. सुनंदा, तू च्या टाक आत जाऊन.’ सुनंदाताई गेल्या. मग शेवंताबाई हळू आवाजात मला म्हणाल्या, ‘लेकीला नको वाचाय. नवरा-बायकोचं असतंय काय बाय. तू परका हायस. तू वाच.’

मी कागद उलगडला. पान एकोणचाळीस. शिक्का नव्हताच त्या पानावर. लाल खूण होती. छपाई होती. समासात काहीच नव्हतं.

उलटा केला. चाळीस. काही नाही. खिडकीसमोर धरला, तिरका धरला, जसं पेन्सिलचा दाब दिसतो तसा. मोबाइलच्या फोटोत दिसायचा अगदी तसा समास. स्वच्छ.

‘वाच की.’

मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण या लिखाणात लाजेचा तसाही काही हिशेब राहिलेला नाही. वीसएक कागद मी पोचवले होते, मला त्यांची बोलण्याची तऱ्हा पाठ झाली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘लिहिलंय... शेवंता, हितं जरा दम खा. फुडं चढ हाय.’

मला ते चांगलं जमलं असं वाटलं. खरंच वाटलं.

शेवंताबाईंनी मांडीवरचं भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, ‘कुठल्या वळीशेजारी लिवलंय?’

‘अं? ही... मधल्या.’

‘त्या वळीत काय छापलंय?’

मी मधली ओळ बघितली. सायकलवाला एका गावात टपाल कचेरी शोधत होता. चढ नाही, दम नाही, काही नाही. मी ओळ वाचायला लागलो, मध्येच थांबलो, दुसरी शोधायला लागलो. कागदाचा आवाज होत होता. त्यांना ऐकू येत होतं.

‘मावशी,’ मी म्हणालो, ‘कोरं हाय.’

‘दोनी बाजूनं?’

‘दोनी बाजूनं.’

त्यांनी हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी समासावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, मग उलटा करून पुन्हा. कागद मला परत दिला.

‘मला दिसंना झाल्यालं कळलं असंल त्यास्नी,’ त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ‘छापलंय ते वाच मग. रातभर काय वाचत बसायचे ते तरी कळू दे.’

मी वाचलं. टपाल कचेरी बंद होती. सायकलवाला पायरीवर बसला. एका म्हाताऱ्यानं त्याला पाणी दिलं. म्हातारा काहीतरी सांगायला लागला आणि पान चाळीस वाक्याच्या मध्येच संपलं.

‘फुडं?’

माझा हात खिशात गेला. पुढचं सगळं माझ्याकडं होतं. अख्खं पुस्तक, शेवटच्या पानापर्यंत, मोठं करता येईल असं. मोबाइल काढला आणि म्हणालो, ‘मावशी, पुढचं यात आहे. आत्ता वाचतो. आज किती वाचू सांगा.’

‘त्यातलं नको.’

‘अहो, तेच आहे. शब्दन् शब्द तोच आहे.’

‘तू पुसलंयस त्यातनं त्यास्नी,’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘कागद यील तवा वाच.’

सुनंदाताई चहा घेऊन आल्या. मी तो प्यालो.

कागद अजून येतात. आठवड्याला एक, क्रमानं, माझ्याच पुडीत. लगदा झालेल्या पुस्तकाचे कागद कुठून येतात, पेन्सिल फोटोत का येत नव्हती आणि मग कागदावरूनच का गेली, हे मी पेपर मिलमधल्या ओळखीच्या माणसाला विचारलं, कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं, बायकोच्या आग्रहाखातर एका बाबालाही विचारलं. मिलवाला म्हणाला शक्य नाही. सर म्हणाले कागद ठेवून जा. तो मी ठेवू शकत नव्हतो. बाबा म्हणाले दाणे सोडा. तुम्हाला कुणाला काही सुचलं तर कळवा. मला सुचणं थांबलंय. आतल्या खोलीतलं मी आता काही कापत नाही. मोबाइलचं स्टँड माळ्यावर टाकलंय.

आम्ही पान चौसष्टपर्यंत आलोय. दर खेपेला मी बावड्याला जातो, खिडकीशी बसतो, कागद उलगडतो. शेवंताबाई आधी विचारतात,

‘लिवलंय?’

मी दोन्ही बाजू बघतो. उजेडाकडं धरतो. तिरका धरतो. हे सगळं त्यांना दिसत नाही, तरी दर वेळी नीट करतो.

‘न्हाय, मावशी.’

‘बरं,’ त्या म्हणतात. ‘वाच.’